थॉर्नमियरांची झाशीची सून

जिज्जी, तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मला अजून एका जागी बसवत नाही. सकाळी चहा घेऊन खुर्चीत टेकतो आणि दोन घोटांत उठतो. जिना चढून तुझ्या खोलीपर्यंत जातो, कडी काढतो, आत न जाता परत लावतो आणि खाली येतो. शालू विचारते, "अहो, काय शोधताय?" मी म्हणतो, काही नाही. परवा स्कूटर काढून सदर बाजारला गेलो. तिथे पोचल्यावर कशासाठी आलो ते आठवेना, म्हणून खारीचा पुडा घेऊन परत आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की या घरात खारी फक्त तू खात होतीस.

लोक भेटायला येतात. तुझ्या शाळेतल्या मुली येतात, आता त्यांचेही केस पांढरे झालेत. त्या तुझ्या शिस्तीबद्दल बोलतात, सत्तावनचा धडा शिकवताना तू वर्ग किल्ल्यावर न्यायचीस ते सांगतात. मी मान हलवत ऐकतो. पण मला तुझ्याबद्दल बोलायचं नाहीये, तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

आणि काल पत्र आलं. तुझ्या नावाचं, इंग्लंडचं. सगळी नोकरी पोस्टात काढलेल्या माणसाला पाकीट उघडावं लागत नाही. लॉर्डसाहेबांचं ते थरथरतं, उजवीकडे कललेलं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तू गेल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. म्हणजे मी कळवलं नव्हतं. आठ वर्षं तुमची पत्रं येत-जात होती आणि मी त्यातलं एकही कधी उघडलं नाही. काल उघडलं.

त्यात काय होतं ते सांगतोच. पण आधी जे झालं ते एकदा सरळ, पहिल्यापासून तुझ्यापुढे मांडू दे. तू असताना मी दर वेळी मधूनच उठून जायचो.

पहिलं पत्र तुझ्या शाळेत आलं होतं. इंग्लंडमधल्या कुणा लॉर्ड थॉर्नमियरांनी विचारलं होतं की त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ कॅप्टन एडवर्ड व्हेनिंग झाशीत वारला, त्याची कबर सापडेल का. तू तोवर निवृत्त झाली होतीस, पण असलं काही आलं की मुख्याध्यापिका तुलाच बोलावत. तू घरी येऊन मटार सोलता सोलता मला ते वाचून दाखवलंस.

"हा व्हेनिंग, तो थॉर्नमियर. मग हे एका घरातले कसे?" मी विचारलं.

"आडनाव व्हेनिंग. थॉर्नमियर ही पदवी," तू म्हणालीस. "पदवी एकालाच, थोरल्याला. बाकीचे भाऊ नुसते व्हेनिंग. थोरला गेला तर दुसऱ्याला. मुलींना काहीच नाही."

"मग तिसऱ्याला काय?"

"तिसऱ्याला झाशी," तू म्हणालीस, आणि आपण दोघंही हसलो.

त्यानंतर दोन महिने तू छावणीकडच्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात जात होतीस, डोक्याला ओला पंचा बांधून, हातात नारळाची किसणी घेऊन, दगडावरचं शेवाळ खरवडायला. मला म्हणायचीस, चल ना मधू. मी म्हणायचो, साहेबांच्या थडग्यांशी आपला काय संबंध. एक दिवस तू फार शांत परत आलीस. कबर सापडली होती. दगडावर एडवर्डचं नाव होतं, बापाचं नाव आणि पदवी होती, आणि खाली कोरलं होतं की हा दगड त्याची पत्नी ॲना हिनं उभारला. शेजारी एक वीतभर दगड होता, सात महिन्यांच्या मुलीचा. मुलीचं नाव लीला मेरी. आणि त्यांच्या पलीकडे, बऱ्याच नंतरचा, ॲनाचा.

तू ते लॉर्डसाहेबांना कळवलंस. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. तिकडे सरदार घराण्यांच्या वंशावळींचा जाडजूड ग्रंथ छापतात, त्यात एडवर्डपुढे 'अविवाहित' असं पिढ्यान्‌पिढ्या छापलेलं आहे, तेव्हा आपली काही गफलत झाली असावी. तू लिहिलंस की गफलत दगडाची की पुस्तकाची, ते आपणच तपासावं. मी म्हटलं, जिज्जी, लॉर्ड आहे तो, जरा जपून. तू म्हणालीस, "वर्गात कोणीही असो, चूक दाखवायची असते."

चार महिने काही आलं नाही. मग एक जाड पाकीट आलं. लॉर्डसाहेबांनी माळ्यावरच्या पेट्या उघडल्या होत्या. पणजीच्या शिवणाच्या पेटीत, कापडाच्या तुकड्यांखाली, एडवर्डनं झाशीहून आईला लिहिलेली नऊ पत्रं होती. त्यांच्या नकला त्यांनी तुला पाठवल्या. सोबत स्वतः लिहिलं होतं, ते तू मला मराठीत सांगितलंस ते असं: त्यांच्या पणजोबांनी, म्हणजे एडवर्डच्या वडिलांनी, लग्नाची बातमी आली त्या दिवसापासून घरात एडवर्डचं नाव घ्यायला बंदी केली. जेवणघरातलं त्याचं चित्र उतरवलं. भिंतीवर त्या जागी एक फिकट चौकोन राहिला. लॉर्डसाहेब लहान असताना त्यांनी विचारलं होतं की इथे काय होतं, तर घरच्यांनी सांगितलं, घड्याळ होतं. आईनं एकाही पत्राचं उत्तर पाठवल्याची खूण नव्हती. पण नऊच्या नऊ पत्रं उघडलेली होती, आणि घड्या वाचून वाचून झिजल्या होत्या.

हे तू सांगत होतीस. मी पेपर वाचत होतो. मला अजून वाटत होतं की ही साहेबांच्या घरातली गोष्ट आहे.

तिसऱ्या पत्रात एडवर्डनं बायकोबद्दल लिहिलं होतं. ती विशीतली विधवा. तिच्या घरच्यांनी झाशीच्या दरबारात दप्तर सांभाळलेलं. सत्तावनच्या बंडानंतरच्या लुटीत सगळं गेलं आणि आता शहराच्या लक्ष्मी गेटच्या आत ते लोक हलाखीत राहतात. मिशनच्या बायका घरी शिकवायला यायच्या, त्यांच्याकडून ती इंग्रजी शिकली. घर सोडून आली तेव्हा घरच्यांनी मातीचा घडा फोडून तिचं जिवंतपणी श्राद्ध केलं. "ती मला म्हणाली," एडवर्डनं आईला लिहिलं होतं, "मी तर आता मेले आहे, तेव्हा घाबरण्यासारखं काही उरलं नाही." बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव ॲना झालं. आधीचं अन्नपूर्णा.

तू जिना उतरून आलीस ते अजून डोळ्यांपुढे आहे. पायांत चपला नव्हत्या. म्हणालीस, "मधू, दरबारचं दप्तर तर आपल्याच घराकडे होतं. वंशावळीचे जुने कागद काढ."

ते कागद आपल्या बापूंनी माझ्या हवाली केले होते, कारण मी मुलगा. वाचता मात्र फक्त तुलाच येत, कारण मोडी तू शिकली होतीस. पणजोबांच्या नावाशेजारी, त्यांच्या बहिणींच्या ओळीत, तू बोट ठेवलंस: अन्नपूर्णा, बालपणी मृत. मग कागद उजेडात तिरपा धरलास. समासात अगदी बारीक तीन शब्द होते. घ. श्रा. झाले.

"घटश्राद्ध," तू म्हणालीस. "बालपणी गेलेल्या मुलीचं घटश्राद्ध कोण करतं, मधू?"

खरं सांगू का जिज्जी, मला त्या क्षणी तिचं काही वाटलं नाही. मला गौरीचं वाटलं.

त्याच दिवसांत गौरीसाठी ग्वाल्हेरचं स्थळ आलं होतं. आपल्यातलंच, जुनं घराणं, मुलगा लष्करात इंजिनियर. आणि त्याच हिवाळ्यात ग्वाल्हेरला आपल्या कुळातल्या सगळ्यांचा मेळावा भरायचा होता, त्यासाठी वंशावळीची पुस्तिका छापायचं काम माझ्याकडे होतं. तू म्हणालीस, अन्नपूर्णेची नोंद नीट लिही. नवऱ्याचं नाव लिही, मुलीचं लिही. मी म्हटलं, आत्ता नको.

"आत्ता नको म्हणजे कधी?"

"गौरीचं होऊन जाऊ दे. पुस्तिका त्यांच्या घरी जाणार. पहिल्याच पानावर घटश्राद्ध आणि ख्रिश्चन जावई वाचतील ते."

"सव्वाशे वर्षांपूर्वीचा जावई आहे तो, मधू. आता कुणाचं काय जातं?"

"तुला काय होतंय म्हणायला. तुला कुठे मुलगी उजवायचीय."

हे मी बोललो. तू मटकीची चाळण माझ्या हातात देऊन वर गेलीस.

पुस्तिका छापून आली. अन्नपूर्णा, बालपणी मृत. मी एक प्रत तुला वर नेऊन दिली. तू आधी तिचं पान उघडलंस, मग आपलं. तुझ्या नावापुढे मी लिहिलं होतं: कुसुम, अविवाहित. तू ते मोठ्यानं वाचलंस आणि म्हणालीस, "माझीही सोय एडवर्डच्याच ओळीत केलीस." हसलीही होतीस थोडी. त्यानंतर आठ महिने आपण बोललो नाही. एका घरात, एका चुलीचं जेवण, आणि निरोप शालूच्या तोंडून. "जिज्जींना विचार, गॅस लावलाय का." "त्यांना सांग, लावलाय."

अविवाहित. जिज्जी, तो शब्द लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही याची मला आता लाज वाटते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, तू सतराची. तुला पाहायला येणाऱ्यांना तू दर वेळी काहीतरी कारण सांगून परत पाठवायचीस, ते कारण मी होतो हे मला चाळिशीत कळलं. पोस्टाच्या परीक्षेला तू मला सायकलवर डबलसीट घेऊन गेली होतीस, जूनच्या दुपारी, गरम वाऱ्याची लू सुटलेली, ती लागू नये म्हणून माझ्या खिशात तू कांदा घातलेला. तीन तास तू बाहेर नीमखाली बसलीस. मी बाहेर आलो तेव्हा तू पहिल्यांदा विचारलंस, पाणी प्यायलास का. पेपर कसा गेला ते नंतर. तुझ्या सगळ्या आयुष्यापुढे एक शब्द आणि पूर्णविराम, आणि तो मी दिला.

अबोला सुटला तो गौरीच्या लग्नात, तिला निरोप देताना. दोघंही रडत होतो, त्यात कोण कुणाशी बोलत नाही हे विसरायलाच झालं. पण विषय तिथेच राहिला, न बोललेला.

मग लॉर्डसाहेब आले. गौरीच्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. ऐंशीला टेकलेला उंच, वाळका माणूस, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, सोबत मुलगी मार्गारेट. ती जनावरांची डॉक्टर. आल्या आल्या तिनं गल्लीतल्या कुत्र्याचा कान तपासला, त्यामुळे सगळी गल्ली तिच्यावर खूश. तू त्यांना सकाळी कबरस्तानात नेऊन आणलंस आणि दुपारी जेवायला घरी आणलंस. मला वाटलं होतं लॉर्ड म्हणजे काय असेल. तो माणूस सांगत होता की घराला चाळीस खोल्या आहेत, त्यातल्या तीन खोल्यांत ते दोघं राहतात, कारण बाकीच्यांचं छत गळतं. रविवारी लोक तिकीट काढून घर पाहायला येतात, तेव्हा एकदा एका बाईनं त्यांनाच दारवान समजून ओली छत्री हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि नीट वाळत घातली.

मग म्हणाले, माझ्यानंतर थॉर्नमियर कोणी नाही. वंश संपला.

तू ते शालूला मराठीत सांगितलंस आणि वर आपलं जोडलंस, "धडधडीत मुलगी शेजारी बसलीय, भात कालवून खातेय, आणि म्हणे वंश संपला." शालू हसली. मार्गारेटनं विचारलं काय म्हणालीस, तर तू तेही जसंच्या तसं सांगितलंस. ती बापाकडे पाहून म्हणाली की हे मी बारा वर्षांची असल्यापासून म्हणतेय.

आणि मग लॉर्डसाहेब माझ्याकडे वळले. त्यांना तू सांगितलं होतंस की कुळाचे कागद माझ्याकडे असतात. त्यांनी फार आदबीनं विचारलं, "आपल्या वंशावळीत या मुलीबद्दल काय लिहिलं आहे?"

मला इंग्रजी येतं. प्रश्न मला कळला होता. तरी मी तुझ्याकडे पाहिलं, आणि मराठीत म्हणालो, "सांग त्यांना, आमच्याकडची अन्नपूर्णा लहानपणीच गेली. ही दुसरी कोणी असेल."

गौरी सासरी होती, लग्न झालं होतं, कुणी काही वाचणार नव्हतं. माझ्याकडे सबबसुद्धा उरली नव्हती. तरी मी खोटं बोललो. आणि तू, जिज्जी, माझं खोटं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलंस. आवाज चढवला नाहीस, भुवई हलवली नाहीस.

लॉर्डसाहेबांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्याकडे तो अविवाहित मेला. आपल्याकडे ती लहानपणी मेली. मग तिथे शेजारी शेजारी झोपलेत ते कोण?"

शालूनं त्यांना आमटी वाढली. दुसरं काय करणार ती.

ते गेल्यावर मी तुझ्यावर चिडलो. उलट मीच चिडलो. म्हटलं, "तुला खरं सांगता आलं असतं. मी काय तुझं तोंड धरलं होतं?"

"तू बोललास ते मी सांगितलं. दुभाष्याचं काम तेवढंच."

"पण तुला माहीत होतं."

"मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. माझ्याकडून ऐकून काय उपयोग. ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं," तू म्हणालीस आणि ताटं उचलायला लागलीस.

यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला पाच वर्षं रोज सुचत राहिलं. एकदाही बोललो नाही. तुझ्या शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, एका दुपारी तू जरा हुशार होतीस. विचारलंस, "लॉर्डांचं पत्र आलं का?" मी म्हटलं, नाही. मग मी खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी मी बोलणार होतो, जिज्जी. शब्द जुळवले होते. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली, मला बाहेर जायला म्हणाली, आणि मी सुटल्यासारखा बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी तुझी वाचा गेली होती.

आता कालचं पत्र. ऐक.

त्यांनी लिहिलंय की इतक्या वर्षांच्या लिहालिहीनंतर त्या वंशावळीच्या ग्रंथाचे लोक ऐकायला तयार झालेत. पुढच्या आवृत्तीत एडवर्डपुढचा 'अविवाहित' निघेल, झाशी इथे ॲनाशी विवाह असं येईल, मुलीचं नाव येईल. फक्त ॲना कुणाची मुलगी हे लिहायचं तर तिच्या घरच्या कुणाचं तरी सहीचं पत्र लागेल. नाहीतर नुसतं 'ॲना' एवढंच जाईल. शेवटी लिहिलंय, "मिस कुसुम, तुमच्या भावाला मी पुन्हा विचारणार नाही. एका माणसाला त्याच्याच घरी जेवताना असा प्रश्न विचारायला नको होता, असं मला नंतर वाटत राहिलं. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी चौऱ्याऐंशीचा झालो, तेव्हा जमल्यास लवकर."

पत्र वाचून मी घरभर फिरलो. गच्चीत गेलो, खाली आलो, परत गेलो. मग गौरीला फोन केला. जावयांची बदली बबीनाला झाल्यापासून ती जवळच आहे, तासाभरात आली. तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. मी तिला तुझ्याच खोलीत नेलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा आत गेलो.

"गौरी, तुला एक गोष्ट सांगायचीय," मी म्हटलं. "तुझ्या सासरी कशी घेतील मला माहीत नाही. लग्नाआधीच सांगायला हवी होती."

"अन्नपूर्णेची?" ती म्हणाली.

मी दार लोटून घेतलं.

"आत्यानं तेव्हाच सांगितलं होतं, बाबा. लग्न ठरायच्या आधी. म्हणाली, तुझं नाव पुढे करून हे लपवलं जातंय, तेव्हा तुला माहीत असावं. मी यांना सांगितलं, यांनी घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, तिचा एखादा फोटो आहे का."

"फोटो?"

"हो. त्यांना पाहायची होती ती."

"आणि मला कुणीच का नाही सांगितलं?"

गौरी तुझ्या पलंगावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आत्यानं नको म्हटलं. म्हणाली, त्याच्या हातातली ही सबब काढून घेतली तर तो दुसरी शोधील. त्याचं त्याला येऊ दे."

जिज्जी, मी रागावलो. मेलेल्या माणसावर इतकं रागावता येतं हे मला माहीत नव्हतं. ग्वाल्हेरला माहीत, गौरीला माहीत, जावयांना माहीत, इंग्लंडच्या लॉर्डाला माहीत. आणि मी एकटा घराची अब्रू उराशी धरून बसलेला. वंशावळीचा राखणदार. तुला एकदाही वाटलं नाही का की मधूला सांगावं? की तू रोज वाट पाहत होतीस, जिन्यावर माझी पावलं वाजली की? हे विचारायला आता कुणाकडे जाऊ? तू मला ओळखत होतीस हे खरं. दुसरी सबब मी शोधलीच असती. पण माझ्यावर इतका विश्वास ठेवून इतकी वर्षं थांबायचं, आणि मग न थांबता जायचं, हा कुठला न्याय?

राग ओसरला नाही. तसाच घेऊन तुझ्या टेबलाशी बसलो आणि लॉर्डसाहेबांना लिहायला घेतलं. इंग्रजी लिहायची सवय गेलीय. गौरी म्हणाली मी लिहून देते. मी नको म्हटलं. आधी तू गेल्याचं लिहिलं. ते एक वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग लिहिलं की त्या दुपारी मी आपल्याशी खोटं बोललो, माझ्या बहिणीनं फक्त भाषांतर केलं. मग वेगळ्या कागदावर निवेदन: अन्नपूर्णा ऊर्फ ॲना ही माझ्या पणजोबांची सख्खी बहीण. तिच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. ती बालपणी मृत नव्हती. तिच्या घरच्यांनी तिला मृत ठरवलं. खाली सही, नाव, पत्ता. मोडीच्या कागदाची नक्कल जोडली, आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

येताना ग्वाल्हेरला मेळावा भरवणाऱ्या वसंताला फोन लावला, पुस्तिकेच्या सगळ्या प्रतींत चिकटवायला दुरुस्तीची चिठ्ठी छापायची म्हणून. तो म्हणाला, "आता कशाला रे? जिज्जी गेल्या म्हणून का?" मी म्हटलं, नाही, चूक आहे म्हणून. तो म्हणाला, काही लोकांना आवडणार नाही. मी म्हटलं, मलाही आवडलं नव्हतं. चिठ्ठीत दोन नोंदी आहेत. एक अन्नपूर्णेची. दुसरी तुझी, तो एक शब्द काढलाय आणि तू काय केलंस ते लिहिलंय. तीन ओळी झाल्यात. वसंता म्हणाला, बायकांच्या नोंदी एवढ्या मोठ्या नसतात. मी फोन ठेवला.

तरी शांत वाटलं नाही. वाटलं होतं सही केली की वाटेल. म्हणून आज सकाळी गौरीला म्हटलं, चल. इतकी वर्षं तू चल म्हणत होतीस आणि मी आलो नाही, त्या ठिकाणी आज गेलो.

फाटकाशी म्हातारा चौकीदार वही घेऊन बसला होता. आल्यागेल्याची नोंद ठेवावी लागते म्हणाला.

"किसकी कबर पर जाना है?"

"ॲना व्हेनिंग."

"अच्छा, दीदी जी वाली," तो म्हणाला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, मग पेन थांबवून विचारलं, "आप क्या लगते हैं उनके?"

काल इंग्रजीत मी हे अख्खं पानभर लिहिलं होतं. त्याच्यापुढे तोंडातून शब्द निघेना. गौरी शेजारी उभी होती, पण मदतीला आली नाही. ती तुझ्याच हाताखाली वाढलीय.

"मायके से हैं," मी म्हटलं. माहेरचे.

त्यानं मान वर करून मला नीट पाहिलं. "मायके से तो कभी कोई आया नहीं, बाबूजी. दीदी जी आती थीं, पर वो तो रिश्ते में हमेशा 'टीचर' लिखवाती थीं." मग मागे, रस्त्याकडे नजर टाकली. "वो नहीं आईं आज?"

मी सांगितलं. त्यानं वही मिटली, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "इतने साल घास साफ करती रहीं. हम सोचते थे, पराई होकर कौन करता है."

"पराई नहीं थीं," मी म्हटलं. "वो भी मायके से ही थीं. पहले वही आईं. मैं देर से आया हूँ."